रिपोर्टमधलं सीआरपी आणि बोटांची सूज



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. "मॅडम, हे बघा बरं. डॉक्टर म्हणले, सीआरपी वाढलंय." शेजारी बसलेल्या काकू पटकन बोलल्या, "वाढलंय कुठं? आपली सीआरपी तर दोन-दोन गावं फिरून वाळून चाललीय!" सगळ्या खळखळून हसल्या. आमच्या सीआरपी ताई तर जास्तच हसल्या.

कागद दाखवणाऱ्या ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली होती. हजेरीच्या रजिस्टरवर सही करताना त्यांनी पेन मुठीत धरलं होतं, लहान मूल धरतं तसं.

आता माझी चूक आधी सांगते. याच ताई गेलं वर्षभर सकाळच्या बैठकीला उशिरा यायच्या, कधी यायच्याच नाहीत. नियमाप्रमाणे आम्ही दंड लावला, दर वेळी १० रुपये. मीही त्यांना दोनदा ऐकवलं की, "ताई, घरची कामं सगळ्यांनाच असतात." त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी आठला त्यांची बोटं उघडतच नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. भाकरी थापायचं काम वर्षभरापासून सुनेकडे गेलं होतं. कापूस वेचायला जाणंही बंद झालं होतं.

तर "सीआरपी म्हणजे काय, ते सगळ्यांना सांगते" असं मी त्या बैठकीत कबूल करून बसले. मी समाजकार्य शिकलेली, डॉक्टर नव्हे. म्हणून आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि शिबिरात आलेल्या सांधेदुखीच्या तज्ज्ञांना विचारलं, थोडं वाचलं, आणि आता लिहिते आहे. त्या ताईंची परवानगी घेतली आहे. नाव-गाव मुद्दाम लिहीत नाही.

रिपोर्टमधलं सीआरपी हे आपल्या रक्तातलं एक प्रथिन आहे. ते यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये तयार होतं. शरीरात कुठेही दाह चालू असला की ते वाढतं. पण दाह नेमका कुठे आहे, हे ते सांगत नाही. गावावर धूर दिसला तर कुठेतरी पेटलंय एवढं कळतं, कोणाचं घर ते कळत नाही, तसंच. न्युमोनियात वाढतं, टीबीत वाढतं, जखम पिकली तरी वाढतं. म्हणून नुसत्या सीआरपीवरून "तुम्हाला वात आहे" असं कोणी सांगितलं तर ते अर्धवट आहे.

मग लिव्हरला ही वर्दी कोण देतं? इथून खरी गोष्ट सुरू होते.

पायात बाभळीचा काटा मोडला की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. तासाभरात जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. काट्याबरोबर जंतू आत जातात. तिथे पहाऱ्यावर असलेल्या पांढऱ्या पेशी ते ओळखतात आणि आरोळी ठोकतात. ही आरोळी म्हणजे एक रासायनिक निरोप असतो. अशा निरोप्या रसायनांना सायटोकाइन म्हणतात. ती खूप प्रकारची आहेत. त्यातलं फार जोरदार, सगळ्यांना जागं करणारं एक आहे, त्याचं नाव टीएनएफ.

टीएनएफची आरोळी गेली की त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, म्हणजे रक्तातल्या आणखी पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंपर्यंत पोचाव्यात. त्यांच्याबरोबर पाणीही झिरपतं. तीच सूज. निरोप मेंदूपर्यंत गेला की ताप येतो, जेवण नकोसं होतं. टीएनएफ आणखी एका निरोप्याला उठवतं, त्याचं नाव आयएल-६. हा लिव्हरला वर्दी देतो, आणि लिव्हर सीआरपी बनवायला लागतं. ताईंच्या कागदावरचा आकडा म्हणजे या साखळीचं शेवटचं टोक.

काटा निघाला, जंतू मेले की आरोळी थांबते. सूज उतरते. हे सगळं आपल्या भल्याचंच आहे. टीएनएफ नसतं तर काही जंतूंशी लढणं शरीराला अवघड गेलं असतं.

पण समजा, आग विझली तरी कोणी आरोळी द्यायचं थांबलंच नाही तर? लोक पाणी ओततच राहतील. मातीची भिंत किती दिवस तग धरेल?

आमवातात हेच होतं. डॉक्टर त्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. यात जंतू नसतातच. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांना परकं समजते. सांध्याच्या आत एक मऊ अस्तर असतं, त्यात पांढऱ्या पेशी गर्दी करतात आणि टीएनएफची आरोळी रात्रंदिवस चालू राहते. अस्तर जाड होतं, कूर्चा खातं, मग हाडाची कड पोखरतं. एकदा हाड पोखरलं गेलं की ते परत भरून येत नाही. आणि ही पोखरण बहुतेकदा पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते. आपण नेमकी तीच दोन वर्षं तेल चोळण्यात आणि "वात आहे, थंडीनं धरलंय" म्हणण्यात घालवतो.

हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट जास्त होतो. म्हातारपणाचाच आहे असं नाही, तिशी-चाळिशीतही सुरू होतो. गुडघे झिजण्याचं दुखणं वेगळं. ते चालल्यावर, उठ-बस केल्यावर वाढतं आणि विश्रांतीने कमी होतं. आमवात उलटा आहे. रात्रभर झोपून उठलं की सांधे जाम झालेले असतात, अर्धा तास, तासभर, कधी त्याहून जास्त, आणि कामाला लागल्यावर हळूहळू मोकळे होतात. याचं कारण मला फार पटलं. टीएनएफ आणि आयएल-६ या दोघांचं प्रमाण या रुग्णांत पहाटे पहाटे सगळ्यात जास्त असतं. म्हणजे आपली आठची बैठक आणि ताईंच्या बोटांची सगळ्यात वाईट वेळ एकच होती.

ओळखायचं कसं? सहसा दोन्ही हात सारखेच धरतात. बोटांचे मुळाकडचे आणि मधले सांधे, मनगटं, पायाच्या बोटांचे सांधे. नखाजवळचा शेवटचा सांधा मात्र बहुतेकदा सुटतो. दाबलं तर सूज मऊ लागते, हाडासारखी टणक नाही. थकवा इतका की भांडी घासून झाल्यावर बसकण मारावी लागते. असं सहा आठवडे चाललं तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी अशा रक्ताच्या दोन तपासण्या करतात. त्या निगेटिव्ह आल्या तरी आजार असू शकतो, म्हणून हात दाखवल्याशिवाय नुसता रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही.

थकव्यावरून आठवलं. या ताईंचं हिमोग्लोबिन कितीही लोहाच्या गोळ्या घेतल्या तरी वर येत नव्हतं आणि आशाताई त्यांच्यावर रागवायच्या, "गोळ्या फेकून देता काय?" त्या फेकत नव्हत्या. आयएल-६ जास्त असलं की शरीर लोह कुलपात घालून ठेवतं, रक्त बनवायला देतच नाही. दाह कमी झाला की कुलूप उघडतं. म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने बंद करू नका, पण सांधेही सुजत असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

आता पुड्यांबद्दल. आठवडी बाजारात, बसस्टँडजवळ, कधी घरी येऊन "वाताची पुडी" देणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. या ताईंनीही दीड वर्ष पुड्या घेतल्या. दोन दिवसांत आराम पडायचा, म्हणून विश्वास बसला. अशा कितीतरी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. स्टिरॉइड टीएनएफसकट सगळ्या निरोप्यांचं तोंड एकदम बंद करतं, त्यामुळे आराम खराच पडतो. पण न मोजता महिनोन्‌महिने घेतलं तर साखर वाढते, बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, तोंड गोल सुजतं, जंतूंशी लढायची ताकद जाते. डॉक्टरही कधीकधी स्टिरॉइड देतात, पण मोजून आणि ठरावीक दिवस. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बरेच महिने पुडी घेत असाल तर हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नका. शरीराची स्वतःचं स्टिरॉइड बनवायची सवय मोडलेली असते, एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. पुडी हातात घेऊन सरकारी दवाखान्यात जा, तिथे हळूहळू कमी करून देतात. लाज वाटून पुडी लपवू नका.

आमवाताचं मुख्य औषध पुडी नाही आणि महागही नाही. त्याचं नाव मेथोट्रेक्सेट. बऱ्याच जणींचा आजार त्यानेच आटोक्यात येतो. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणून "महिनाभर घेतली, फरक नाही" म्हणून सोडू नका. पण या गोळीची एक गोष्ट मी जाड अक्षरात छापायला सांगणार होते: ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. एकाच वारी, डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या. चिठ्ठी नीट न वाचता कोणी रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात आणि माणूस दगावूही शकतो. औषध दुकानदाराकडून पाकिटावर वार लिहून घ्या. या ताईंनी मंगळवार धरला आहे, कारण त्यांच्या गटाची बैठक मंगळवारी असते. बैठक झाली की जेवण आणि मग गोळी. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी देतात, तिचा दिवस डॉक्टर सांगतात. अधूनमधून रक्त तपासावं लागतं. आणि मूल हवं असेल, किंवा पाळी चुकली असेल, तर ताबडतोब सांगायचं, कारण हे औषध पोटातल्या बाळाला घातक आहे. नव्या सुनांना हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.

ताईंना मेथोट्रेक्सेट आणि जोडीला आणखी एक गोळी सहा महिने देऊनही सूज हवी तशी उतरली नाही. म्हणून पुन्हा सीआरपी तपासलं, तोच तो कागद. आता डॉक्टर म्हणाले, टीएनएफ अडवणारं इंजेक्शन द्यावं लागेल.

या इंजेक्शनची कथा मला वाचताना फार आवडली, म्हणून थोडी सांगते. टीएनएफ हे नाव १९७५ मध्ये अमेरिकेत पडलं. उंदरांच्या गाठी त्याने मरतात असं दिसलं होतं, म्हणून 'गाठ मारणारा घटक' अशा अर्थाचं नाव. तेव्हा सगळ्यांना वाटलं, कॅन्सरचं औषध सापडलं. तसं झालं नाही, कारण ते माणसाला टोचलं की माणूसच तापाने आणि रक्तदाब पडून बेजार व्हायचा. दुसरीकडे काही शास्त्रज्ञ आजारी जनावरं चारा असूनही खंगत का जातात, ते शोधत होते. त्यांना खंगवणारं एक द्रव्य सापडलं. १९८५ मध्ये कळलं की ते द्रव्य आणि टीएनएफ एकच.

सांध्यांचं काम लंडनमध्ये झालं. मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी हे दोघे त्यात पुढे होते. मैनी यांचा जन्म आपल्याकडचा, पंजाबात लुधियान्याचा. त्यांच्याबरोबर फिओनुला ब्रेनन नावाच्या एक शास्त्रज्ञ बाई होत्या. रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी बशीत वाढवून त्यांनी फक्त टीएनएफ अडवलं, तर बाकीच्या निरोप्यांमधलं एक मोठं नावही गप्प झालं. हे १९८९ मध्ये छापून आलं. तोवर लोक म्हणायचे, इतके निरोपे आहेत, एकाला अडवून काय होणार? गटातही असंच असतं बघा, एक जण बोलायची थांबली की अर्धी बैठक शांत होते. १९९२ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये पहिल्या २० रुग्णांना इंजेक्शन देऊन पाहिलं आणि सूज, दुखणं, सीआरपी सगळंच उतरलं. २००३ मध्ये फेल्डमन आणि मैनी यांना या कामासाठी अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आता अशी इंजेक्शनं भारतातही बनतात, तरी अजून हजारोंच्या घरात जातात. ती सगळ्यांना लागत नाहीत, गोळ्यांनी भागलं नाही तरच.

इंजेक्शन द्यायच्या आधी दवाखान्यात ताईंना विचारलं, "घरात कोणाला टीबी झाला होता का?" ताई म्हणाल्या, "नाही."

बैठक संपल्यावर त्या मला बाहेर पिंपळाखाली घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, सासऱ्यांना झाला होता. चार वर्षं झाली. त्यांचं सगळं मीच केलं. पण मुलीचं जमवायचंय, गावात पुन्हा बोभाटा नको, म्हणून नाही सांगितलं. सांध्याच्या दुखण्यात टीबीचं काय काम?"

तिथे मला उत्तर देता आलं नाही. नंतर विचारून घेतलं, ते असं.

आपल्या देशात पुष्कळ लोकांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात. खोकला नाही, ताप नाही, दुसऱ्याला लागण नाही. अशा १०० जणांपैकी ५ ते १० जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो. बाकीच्यांत का होत नाही? कारण पांढऱ्या पेशी त्या जंतूंभोवती गोल कोंडाळं करून बसलेल्या असतात. काट्याच्या कुंपणात जनावर कोंडावं तसं. हे कुंपण शाबूत ठेवायला टीएनएफ लागतं. रोजची थोडी थोडी आरोळी, "जागे राहा" म्हणणारी.

आता सांध्यांसाठी टीएनएफ अडवलं की सांध्यातली आग शमते, पण छातीतलं कुंपणही सैल पडतं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असं इंजेक्शन घेतल्यावर टीबी झालेल्या ७० रुग्णांची माहिती छापली. बऱ्याच जणांना पहिल्या तीन डोसांच्या आतच झाला होता. आणि निम्म्याहून जास्त जणांना तो फुप्फुसाबाहेर, शरीरात दुसरीकडे झाला होता. तेव्हापासून इंजेक्शनआधी टीबीची चौकशी, छातीचा एक्स-रे आणि हातावर टोचून किंवा रक्तातून तपासणी करतात. झोपलेले जंतू आहेत असं दिसलं तर आधी टीबी होऊ नये म्हणून गोळ्या सुरू करतात, त्या काही आठवडे पोटात गेल्या की मग इंजेक्शन.

तर "मला कुठं खोकला आहे, माझी कशाला टीबीची तपासणी?" असा राग मनात येऊ देऊ नका. आणि घरात कोणाला झाला असेल तर सांगा. डॉक्टरांना सांगितलेलं गावाला सांगितल्यासारखं होत नाही.

टीबी झालेल्या माणसाचं अंग का गळतं, हेही यातच आलं. जंतूंशी लढताना टीएनएफ वाढतं, भूक मारतं, मांस झिजवतं. खाणारं माणूसही वाळतं. घरातल्या अशा माणसाला "नीट जेवत नाही" म्हणून बोलू नका, आणि त्याचे पोषणाचे पैसे येतात का ते बघा. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर अडकतात. हे काम गटातली कोणीही करून देऊ शकते.

ताई पुढच्या आठवड्यात परत दवाखान्यात गेल्या. मी सोबत होते, पण बोलल्या त्याच. डॉक्टर रागावले नाहीत. एक्स-रे स्वच्छ निघाला, रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे सासऱ्यांची सेवा करताना आलेले जंतू आत झोपलेले असावेत. आता त्यांच्या टीबी प्रतिबंधक गोळ्या सुरू आहेत, इंजेक्शन त्यानंतर. प्रवास आणि तपासणीच्या खर्चासाठी ग्रामसंघाने जोखीम प्रवणता निधीतून रक्कम मंजूर केली आहे. अर्जात कारण काय लिहायचं म्हणून अध्यक्षताई अडल्या, तर ताईंनी स्वतःच सांगितलं, "लिहा की, बोटांची सूज."

बैठकीची वेळ आता सकाळी आठऐवजी संध्याकाळी सहा केली आहे. मागचा दंड परत द्यायचा असंही ठरलं, पण लेखापाल ताई म्हणतात की दंड परत केल्याची नोंद कोणत्या खान्यात करायची ते रजिस्टरमध्ये दिलेलंच नाही. कोणाला माहीत असेल तर कळवा.